जेवणानंतरचा शनिवार

"जोलीन, आहेस तिथेच उभी राहा. पाऊल टाकू नकोस."

जोलीन नीगार्ड स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर थबकली. तिच्या हातात ओव्हनमधून नुकतंच काढलेलं हॉटडिश होतं. खाली खिमा, मध्ये डबाबंद सूप आणि वर बटाट्याचे गोळे अजून चुरचुरत होते. तिचा नवरा कर्टिस जेवणाच्या टेबलाखाली गालिच्यावर पालथा पडला होता. त्याच्या डोळ्याला भिंग होतं आणि हातात विजेरी.

"काय पडलं?"

"स्क्रू."

"केवढा?"

"मोहरीचा दाणा घे. त्याचे चार तुकडे कर. त्यातला एक."

जोलीनने उचललेला पाय हवेतच ठेवून विचार केला. "कर्टिस, हा गालिचा कुणी पसंत केला होता?"

कर्टिसने विजेरी पटकन तोंडात धरली, म्हणजे उत्तर द्यायला नको. तो गावातल्या गालिच्यांच्या दुकानात विक्रेता होता. 'पाऊल ठेवा, घोटा दिसेनासा झाला पाहिजे,' हे त्याचं गिऱ्हाइकांना ठरलेलं वाक्य. उत्तर मिनेसोटाच्या थंडीत ते वाक्य चांगलं खपायचं. दुकानातला सगळ्यांत दाट गालिचा त्याने स्वतःच्या घरी अंथरला होता. अशा घरात सुटे भाग जुळवून घड्याळ बनवायला बसणं म्हणजे शेवाळावर उभं राहून अंडी झेलण्यापैकी होतं.

पण घड्याळ बनवणं भाग होतं. आधीचं घड्याळ कर्टिसने बुडवलं होतं.

ते त्याचं नव्हतं; सासऱ्यांचं होतं. ऑर्विल स्टेनरूड यांनी सारी हयात मासे आणि शिकार खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना एक सोनेरी घड्याळ दिलं, आणि त्या दिवसापासून ते त्यांच्या मनगटावर होतं. जानेवारीत तळं गोठलं तेव्हा सासरे-जावई बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसले. ऑर्विल यांची दोरी कुठेतरी अडकली. त्यांनी बाही वर सारली, घड्याळ काढलं आणि कर्टिसपुढे केलं. "जरा धर."

कर्टिसने धरलं. त्याच्या हातात लोकरीचे जाड मोजे होते. पुढच्या क्षणी घड्याळ त्याच भोकातून तळ्याच्या तळाशी गेलं. तिथल्या माशांना वेळ बघायची फारशी गरज नसते.

ऑर्विल यांनी भोकाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "असू दे."

त्या मुलखात कुणी कुणावर ओरडत नाही. एखादी गोष्ट फार आवडली तर 'वाईट नाही' म्हणतात. अजिबात आवडली नाही तर 'वेगळंच आहे' म्हणतात. 'असू दे' मात्र घराणी तुटताना म्हणतात.

याहून मोठं दुखणं बोटीचं होतं. मे महिन्यातल्या ज्या शनिवारी वॉलाय माशांचा हंगाम उघडतो, त्या शनिवारी ऑर्विल आपली बोट पाण्यात घालत. बोटीला दोन जागा. एक त्यांची. दुसऱ्या जागेवर आजवर गावचा न्हावी बसला होता, चर्चचे पाद्री बसले होते, न्हाव्याचा मेव्हणा बसला होता. एका वर्षी कुणीच मोकळं नव्हतं, तेव्हा त्या जागेवर जेवणाचा डबा बसून गेला. त्या सगळ्या वर्षांत कर्टिस धक्क्यावर उभा राहून हात हलवत होता. अठरा वर्षं जावई असूनही त्याला सासऱ्यांना हाक काय मारायची ते ठरवता आलं नव्हतं. 'ऑर्विल' म्हणायला त्याची जीभ अडखळे आणि 'बाबा' म्हटलं की त्यांचा चेहरा अडखळे. त्यामुळे तो त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येऊन खाकरत असे.

दुसरं घड्याळ दिलं तर कदाचित बोट मिळेल, असं त्याच्या मनाने घेतलं. खरं स्विस घड्याळ घ्यायचं तर घरातली गाडी विकावी लागली असती आणि मग ते घेऊन ऑर्विलकडे चालत जावं लागलं असतं. तेवढ्यात त्याला इंटरनेटवर एक माणूस सापडला. त्या माणसाचे फक्त हात दिसत. ते हात सुटे भाग जोडून श्रीमंती थाटाचं घड्याळ घरच्या घरी बनवत आणि मऊ आवाजात सांगत, 'आता हे अलगद बसवा.' कर्टिसने सगळे भाग टपालाने मागवले. वार आणि तारीख दाखवणारं यंत्र, सोनेरी कवच, सोनेरी काटे, सोनेरी पट्टा. तबकडीवर त्या बड्या घड्याळांना असतं तसं काहीतरी चिन्ह हवं म्हणून त्याने स्वतःच्या हाताने छोटासा वॉलाय मासा रंगवला. तो बटाट्यासारखा दिसत होता, पण सोनेरी बटाट्यासारखा.

"सापडला," कर्टिस टेबलाखालून म्हणाला.

"स्क्रू?"

"नाही, माझ्या शर्टाचं बटण. गेल्या वर्षीचं."

स्क्रू अखेर कुत्र्याच्या पंजात निघाला. त्याच कुत्र्याचा एक केस पुढे काचेखाली गेला आणि काच पुन्हा उघडावी लागली. चावीची दांडी कर्टिसने आधी लांब कापली, मग आखूड कापली आणि मग नवी मागवली. पण एकेक करून सगळं जमत गेलं, आणि एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी फक्त काटे बसवायचे उरले. दुपारी जेवायला ऑर्विल यायचे होते.

मऊ आवाजाचा माणूस म्हणाला, 'चावी फिरवत राहा. तारीख बदलल्याचा टक् असा आवाज येईल. ती मध्यरात्र. तिथेच थांबा आणि दोन्ही काटे बारावर बसवा.'

कर्टिसने चावी फिरवली. टक् झालं. त्याच्या अंगावर काटा आला. "जोलीन, इकडे ये. आवाज ऐकलास? आणि हे बघ, किती लोण्यासारखं फिरतंय." आणि तो चावी फिरवत राहिला.

"छानच फिरतंय," जोलीन म्हणाली. "आता टेबल मोकळं कर."

कर्टिसने दोन्ही काटे बारावर बसवले, मग वेळ, वार आणि तारीख लावली, मागचं झाकण घट्ट केलं. चालणारं घड्याळ पाहून त्याला वाटलं, आयुष्यात एवढं नीट आपण काहीच केलेलं नाही. तेही खरंच होतं. फक्त मधे जी चावी लोण्यासारखी फिरली, तिच्यामुळे त्या घड्याळात मध्यरात्र आता दुपारी दोन वाजता होणार होती. सकाळी त्यात बरोबर वार दिसणार होता आणि जेवण झालं की उद्याचा. हे कर्टिसला ठाऊक नव्हतं. आपण लक्षात ठेवू.

जेवणापूर्वी त्याने डबी पुढे केली.

"कशाला एवढं," ऑर्विल म्हणाले.

"घ्या ना."

"नको, खरंच नको."

"मी स्वतः बनवलंय."

तिथल्या रीतीप्रमाणे पहिले दोन नकार शिष्टाचाराचे असतात आणि तिसऱ्यांदा घ्यावंच लागतं. ऑर्विल यांनी डबी उघडली. सोनेरी बटाट्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"वेगळंच आहे," ते म्हणाले.

कर्टिसने डबी परत घ्यायला हात पुढे केला. पण ऑर्विल यांनी घड्याळ मनगटावर चढवलं, वर फ्लॅनेलच्या शर्टाची बाही ओढून बटण लावलं आणि वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कर्टिसला राहवेना. त्याने फोन केला, खाकरला आणि विचारलं, "घड्याळ बरोबर चालतंय ना?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"वाईट नाही," ऑर्विल म्हणाले. "मी त्याच्याप्रमाणेच चालतो."

कर्टिसने फोन ठेवला आणि कुत्र्याला उचलून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात ऑर्विल होते, डोक्यावरची चर्चची टोपी काढून हातात धरलेली. जावयाकडे त्यांचं जेवण गुरुवारी असे. वर्षानुवर्षं गुरुवारीच. जोलीनने कर्टिसकडे पाहिलं, कर्टिसने जोलीनकडे. "या बाबा, बसा," जोलीन म्हणाली, आणि दोघांपुरत्या जेवणाचे तिघांत वाटे केले. सख्ख्या बापाला 'आज बुधवार आहे' असं तोंडावर सांगायचं तरी कसं?

पुढच्या आठवड्यात चर्चच्या मार्वेला ओडेगार्डबाईंचा फोन आला. "जोलीन, काही नाही गं, सहजच. शनिवारी दुपारी आमच्याकडे कॉफी होती ना, तुझे वडील शुक्रवारीच येऊन गेले. मी काही बोलले नाही. घरात होत्या त्या वड्या आणि कॉफी दिली. एकटं वाटत असेल बिचाऱ्यांना."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगणं बरं दिसतं का?"

मग कळलं की न्हाव्याकडे ते एक दिवस आधी जाऊन बसले होते, आणि न्हाव्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला उठवून त्यांचे केस कापले होते. मासे तळण्याच्या गावजेवणाला ते आदल्या संध्याकाळी गेले. तिथे खुर्च्या मांडणाऱ्यांनी काही न बोलता एक खुर्ची त्यांना दिली आणि कुणीतरी घरी जाऊन दोन मासे तळून आणले. साऱ्या गावाला कळून चुकलं होतं. फक्त ऑर्विल यांना कुणी सांगत नव्हतं.

"कर्टिस, बाबांचं डोकं..." जोलीन म्हणाली आणि पुढचं बोलली नाही. तिने डॉक्टरांची वेळ घेतली. मंगळवार दुपारची.

कर्टिस बाहेर गाडीत थांबला. तासाभराने जोलीन आली ती डोळे पुसतच. ऑर्विल मागून शांतपणे येत होते.

"डॉक्टरांनी विचारलं, देशाचे अध्यक्ष कोण," तिने घरी आल्यावर सांगितलं. "बाबा म्हणाले, त्या विषयावर मी चारचौघांत बोलत नाही. ते ठीक आहे. मग विचारलं, आज वार कोणता. कर्टिस, त्यांनी बाही वर केली, घड्याळात नीट बघितलं आणि सांगितलं, बुधवार."

"घड्याळात बघून?"

"घड्याळात बघून. डोळ्यांसमोर लिहिलेलंसुद्धा वाचता येत नाही रे त्यांना आता."

कर्टिसने तिला रुमाल दिला. घड्याळाचा त्याला संशय आला नाही. घड्याळ सेकंदाला पक्कं होतं; ते त्याने रेडिओवरच्या टोल्यांशी स्वतः ताडून पाहिलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका. आणि चूक दाखवून देऊ नका, अशी माणसं बिथरतात." जोलीनने नाक पुसलं. "हंगामाच्या दिवशी बोटीत तू जायचंस त्यांच्याबरोबर. मी सांगितलंय त्यांना. पहाटे अंधारात नको, शनिवारी दुपारी जा. आणि ते काहीही करोत, टोकायचं नाही."

अठरा वर्षं ज्या जागेची वाट पाहिली ती जागा अशी मिळाली. कर्टिसला आनंद झाला, आणि आनंद झाल्याची लाज वाटली, आणि तरी तो झालाच.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला गालिच्यांच्या दुकानासमोर भोंगा वाजला. मागे बोट जोडलेली ऑर्विल यांची गाडी रस्त्यात उभी होती. कर्टिस एका गिऱ्हाइकाचा घोटा गालिच्यात दिसेनासा करत होता. तो तसाच बाहेर आला.

"चल," ऑर्विल म्हणाले.

"आत्ता?"

"ठरलंय ना. शनिवार दुपार."

कर्टिसने तोंड उघडलं. जोलीनचं बोलणं आठवून मिटलं. आणि दार उघडून गाडीत बसला.

तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्या दिवशी याच वेळी तिथे बोटीला बोट लागली असती. आज दोन बदकं होती आणि तीही घाईत दिसत होती. त्या तळ्यात हंगाम उघडेपर्यंत गळ टाकायला सक्त मनाई होती. धक्क्यावरची तशी पाटीच ऑर्विल यांनी नोकरीत असताना स्वतः ठोकली होती. टोपीला हात लावून पाटीला नमस्कार करून त्यांनी बोट आत घेतली.

"शांत आहे," कर्टिस म्हणाला.

"वाईट नाही," ऑर्विल म्हणाले, आणि दोरी फेकली.

कर्टिस त्या दुसऱ्या जागेवर बसला होता. फळी कडक होती, खाली ओल होती, आणि बसून फार बरं वाटत होतं. सासऱ्यांनी त्याच्यासाठी आणलेला गळ त्याने पायाशी तसाच ठेवला आणि मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, की माणसाच्या जन्मभराच्या इभ्रतीखातर आज एकही मासा भुकेला नसू दे.

प्रार्थना अर्धी झाली होती तेव्हा लव्हाळ्यामागून खात्याची बोट आली. ती टॅमी क्वाल चालवत होती. ऑर्विल यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकलेली, आता त्यांच्याच जागेवर निरीक्षक. तिने इंजिन बंद केलं आणि बोट शेजारी येऊ दिली. तिचा चेहरा शिव्या देणारा पाद्री पकडल्यासारखा झाला होता.

"नमस्कार, साहेब."

"ये, टॅमी."

"हवा बरी आहे आज."

"वाईट नाही."

टॅमीने पाण्याकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "उद्या याहून बरी असेल म्हणतात," ती म्हणाली. "उद्या गर्दी होईल. उद्या."

"होईल बहुतेक," ऑर्विल म्हणाले.

"आज कुणीच नाही आलेलं."

"लोक आळशी झालेत."

"आज कोणता... म्हणजे, साहेब, तुमच्याकडे वार... वेळ काय झाली?" टॅमीने विचारलं.

ऑर्विल यांनी बाहीचं बटण काढलं, मनगट पुढे केलं. टॅमी वाकली. कर्टिसही वाकला. घड्याळ दिल्यापासून ते त्याला पहिल्यांदाच बाहीबाहेर दिसत होतं, तेही दुपारी. काटे अगदी बरोबर होते. शेजारच्या चौकोनात स्वच्छ अक्षरांत शनिवार होता आणि तारीखही उद्याची.

कर्टिसच्या कानात टक् झालं. मऊ आवाजाचा माणूस म्हणाला, 'तिथेच थांबा.' आणि लोण्यासारखी फिरणारी चावी त्याच्या डोळ्यांपुढे फिरत राहिली. बुधवारचं जेवण, मार्वेलाबाईंच्या वड्या, तळलेले दोन मासे, डॉक्टर, जोलीनचे डोळे. सासऱ्यांच्या डोक्याला काही झालं नव्हतं. ते घड्याळाप्रमाणे चालत होते, एवढंच.

गप्प राहिलं तर ही जागा आपली. पुढच्या वर्षीही आपली. तो जागेवरून उठला, बोट हलली म्हणून पुन्हा बसला.

"बाबा," तो म्हणाला. हाक कशी आली ते त्यालाच कळलं नाही. "आज शुक्रवार आहे. घड्याळ चुकलंय. तुम्ही नाही. मी काटे चुकीच्या जागी बसवले. टॅमी, दंड काय असेल तो माझ्या नावावर लिही."

बोटीखाली पाणी चुळुक चुळुक वाजत होतं. ऑर्विल दोरी हळूहळू गुंडाळत राहिले. दोरीचं टोक वर आलं तेव्हा त्याला एक शिशाचं वजन होतं. गळाचा आकडा नव्हताच.

"दंड कसला?" ते म्हणाले. "हंगाम उद्या उघडतो. ठाऊक आहे मला."

टॅमीने डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"तुम्हाला ठाऊक होतं?" कर्टिस म्हणाला. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. रविवारी तुझ्याकडे जेवलो, घरी जाऊन बघतो तर सोमवार."

"मग बोलला का नाहीत?"

"तू फोन करून विचारलंस, बरोबर चालतंय ना. हाताने बनवून दिलेली वस्तू. मी काय म्हणणार? म्हटलं, मी त्याच्याप्रमाणेच चालतो." ऑर्विल यांनी खांदे उडवले. "एकदा तसं म्हटल्यावर तसं चालायला नको? मी काही खोटं बोलणारा माणूस नाही."

"पण डॉक्टरांपुढे..."

"जोलीन शेजारी बसली होती. तिच्यासमोर तिच्या नवऱ्याचं घड्याळ खोटं पाडू?" ते जरा थांबले. "आणि मार्वेलाच्या वड्या वाईट नसतात."

टॅमीला खोकला आला, आणि बराच वेळ येत राहिला.

"मी दुरुस्त करून देतो," कर्टिस म्हणाला. "काटे काढायचे आणि परत बसवायचे. आजच करतो."

"नको, कशाला त्रास."

"त्रास कसला."

"नको, खरंच नको."

"द्या ना बाबा."

"नको," ऑर्विल म्हणाले, आणि कर्टिस हात पुढे करणार तोच चौथ्यांदाही म्हणाले, "नको." चौथा नकार त्या मुलखात कुणी ऐकलेला नव्हता. टॅमीनेही मान वर केली.

मग ऑर्विल पाण्याकडे बघत जरा हळू आवाजात म्हणाले, "खात्याने दिलेलं ते जुनं. ते रोज मागे पडायचं. रोज सकाळी मी पुढे करायचो. खात्याच्या साहेबांनी भर सभेत दिलेलं, काय बोलणार? जानेवारीत तू ते सोडलंस ना, त्या रात्री मी किती वर्षांनी निवांत झोपलो."

"तुम्ही तर 'असू दे' म्हणालात."

"मग? असू दे असंच वाटलं."

कर्टिसला हिवाळाभर वाहिलेलं ओझं उतरवून कुठे ठेवावं ते कळेना. ऑर्विल यांनी सोनेरी घड्याळ मनगटावरून काढलं. हात धुवायला म्हणून ते बोटीच्या काठावरून वाकले आणि घड्याळ त्यांनी कर्टिसपुढे धरलं, अगदी पाण्याच्या वर.

"जरा धर," ते म्हणाले. "फार घट्ट धरायला हवं असं नाही."

मग त्यांनी तोंड फिरवलं आणि पलीकडच्या काठावरची झाडं लक्षपूर्वक पाहायला सुरुवात केली. टॅमीलाही आभाळात काहीतरी दिसलं. ऑर्विल यांचे हात स्वच्छ झाले, मग फार स्वच्छ झाले. ते कान देऊन ऐकत होते. पाण्यात काही पडल्याचा आवाज येईना.

शेवटी त्यांनी मागे वळून पाहिलं. कर्टिस घड्याळ दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून बसला होता. आज त्याच्या हातात मोजे नव्हते. डोळे पाणावले होते.

"या वेळी नाही सोडलं, बाबा," तो म्हणाला.

ऑर्विल यांनी घड्याळाकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. मग हात पुसून मनगट पुढे केलं, आणि कर्टिसने पट्टा लावेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"वेगळंच आहे," ते म्हणाले. त्यांनी बाही ओढून बटण लावलं आणि इंजिनाची दोरी हातात घेतली. "उद्या पहाटे चारला ये. तेव्हा त्यातसुद्धा शनिवार असतो."